गाडी ऑइल खायलीय

वारंगाफाट्याच्या अलीकडं मागून एक मोटरसायकल माझ्या बरोबरीला आली. चालवणाऱ्याच्या तोंडाला रुमाल, डोळ्यांत काळजी. "काका, गाडी धूर मारायलीय!" असं ओरडून तो पुढं निघून गेला. मी मान हलवून आभार मानले. थोड्या अंतरावर उसाच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं हातवारे करून तीच बातमी दिली. मग एका टेम्पोच्या क्लीनरनं. मग माझ्याच एका माजी विद्यार्थ्यानं, ज्यानं वर्गात कधी आपणहून तोंड उघडलं नव्हतं. फाट्यावरच्या हॉटेलात चहा समोर ठेवता ठेवता मालक म्हणाला, "गुरुजी, गाडी ऑइल खायलीय तुमची." हा तर भट्टीपाशी उभा होता, रस्त्याकडं पाठ करून. म्हणजे बातमी माझ्याआधी पोचली होती.

आपल्या रस्त्यांवर परक्या माणसाशी बोलायला तीन कारणं पुरतात. स्टँड वर घ्यायचा राहिलाय, ओढणी चाकात चाललीय आणि गाडी धूर मारतेय. पहिल्या दोन्हींत जीव वाचवल्याचं पुण्य तरी असतं. तिसऱ्यात निव्वळ आनंद असतो.

मला ही बातमी नवी नव्हती. सहा महिने मी ती ऐकत होतो आणि "हो, दाखवायचीय" म्हणत होतो. दाढ आणि गाडी या दोन गोष्टी आपण कायम 'दाखवायच्या' ठेवतो. पण पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला मी वायुप्रदूषणाची उदाहरणं विचारली, तेव्हा पहिल्याच बाकावरचा हात वर गेला आणि ते पोरगं उत्तर द्यायच्या ऐवजी खिडकीतून बाहेर, झाडाखाली लावलेल्या माझ्या गाडीकडं बघू लागलं. उत्तर बरोबर होतं. गुण द्यावे लागले.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शंभर सीसी, काळी. १९९८ साली घेतली तेव्हा आमचं गाव डोंगरकडा परभणी जिल्ह्यात होतं, म्हणून नंबर एमएच-२२. पुढच्याच वर्षी १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. नव्या गाड्यांना एमएच-३८ मिळू लागलं. आमची मात्र परभणीचीच राहिली. नाकाबंदीत पोलीस विचारतात, "परभणीचे का?" मी सांगतो, "गाडी परभणीची, मी हिंगोलीचा. राहतो एकाच घरात." पंधरा वर्षांनी तिचं पुन्हा पासिंग केलं, मग दर पाच वर्षांनी. एवढ्या काळात गावात तीन सरपंच झाले, इसापूरच्या कालव्याच्या कितीतरी पाळ्या आल्या, चुकल्या. गाडी एका किकमध्ये सुरू होत राहिली, आणि तेच तिचं चुकलं. एका किकमध्ये सुरू होणाऱ्या गाडीकडं कोण बघतो?

तसं बघायला गेलं तर आमच्या भागाइतकी पारखी माणसं कुठं मिळायची नाहीत. शिजवून वाळवलेली हळद आमचा माणूस दोन बोटांत धरून मोडतो आणि मोडतानाच्या आवाजावरून सांगतो की अजून दोन उन्हं पाहिजेत. या पट्ट्याची हळद उगाच नावाजलेली नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. केळीच्या बागेत व्यापारी शिरला की नुसत्या अंगठ्यानं फळाची भरती सांगतो. बैल घेताना दात मोजतात, म्हैस घेताना सडं दाबतात, मुलगी देताना मुलाच्या चुलत्याचं व्यसनसुद्धा तपासतात. पावसाळ्यात शेंबडं पोरगंही सांगेल की इसापूर धरण आज किती टक्क्यांवर आहे. आणि रोज मांडीखाली असलेल्या इंजिनात किती ऑइल आहे, हे अख्ख्या गावात मिस्त्री सोडला तर कुणाला ठाऊक नाही. मिस्त्रीलाही दुसऱ्यांच्या गाड्यांचंच ठाऊक.

पुष्कळ विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण पारख करतो ती गिऱ्हाईक असलेल्या मालाची. हळद, केळी, दूध, बैल, हे सगळं उद्या दुसरा कुणीतरी तपासणार असतो, म्हणून आपण आज तपासतो. इंजिनातलं ऑइल कोण विकत घेणार? त्यात गाडीचे कारखानदारही आमच्यासारखेच. पेट्रोल मोजायला काटा दिला, गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे सांगायला हिरवा दिवा दिला. ऑइल संपत आलंय हे सांगायला शंभर सीसीच्या जुन्या गाडीत काहीच नाही. आहे ती इंजिनाच्या बगलेत, झाकणाला चिकटलेली वीतभरसुद्धा नसलेली एक काडी. तिच्यावर दोन खुणा, एक वरची, एक खालची. ही काडी आहे हेच पुष्कळांना गाडी जन्मभर चालवून कळत नाही.

यात जाहिरातीचाही थोडा दोष आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. मंत्र एका कंपनीचा, पण गुण साऱ्या शंभर सीसीवाल्यांना आला. तो होता पेट्रोलच्या टाकीबद्दल. अप्पांनी तो गाडीच्या दोन्ही झाकणांना लावला.

अप्पांचं आणखी एक होतं. त्यांची उमेदीची वर्षं गेली राजदूतवर. पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली ती पावणेदोनशे सीसीची गाडी दोन स्ट्रोकची होती, म्हणजे तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर तेही जाळायचं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनला वंगण मिळायची वाटच ती. पुढं आरएक्स १०० सारख्या गाड्यांना ऑइलची वेगळी टाकी आणि छोटा पंप आला, पण जळायचं ते जळायचंच. त्यामुळं अप्पांच्या पिढीला धूर म्हणजे गाडीची तब्येत वाटते. राजदूतनं धूर मारला नाही तर माणूस घाबरायचा, की ऑइल घालायचं विसरलो की काय! नव्या, चार स्ट्रोकच्या गाडीचा धूर दिसत नाही म्हटल्यावर अप्पांनी पहिल्या वर्षी तिच्या पेट्रोलच्या टाकीतही झाकणभर ऑइल घातलं होतं. "अंगाला लागतं," म्हणाले होते. आता पंचवीस वर्षांनी गाडी आपणहून निळा धूर मारू लागली तेव्हा घरात तेवढे एकटे खूश होते. "आत्ता कुठं खुलली," असं त्यांचं मत.

खरं तर अप्पांना वंगणाची जाण नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या लहानपणी बैलगाडीला खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. त्यात एरंडीचं तेल आणि चिंध्या. गाडी बाजाराला निघायच्या आधी आजोबा चाक सैल करून लोखंडी आसाला वंगण लावायचे. राहिलं तर चाक करकरायचं, आणि ते अर्ध्या कोसावरून ऐकू यायचं. बैलगाडीचं असं होतं. वंगण बाहेर टांगलेलं आणि तक्रारही बाहेर. लाकडी गाडी जाऊन लोखंडी आली, लोखंडी जाऊन मोटरसायकल आली, आणि नळकांडं गाडीच्या पोटात गेलं. डोळ्याआड झालं म्हटल्यावर अप्पांनी ते देवावर सोडलं.

शेवटी एका रविवारी गाडी मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी माणसाला प्रश्न विचारतो.

"शेवटचं ऑइल कधी बदललं, गुरुजी?"

"दिवाळीला."

"कोणत्या?"

मी अप्पांचं नाव पुढं केलं. मिस्त्रीनं कापलेला तेलाचा डबा इंजिनाखाली सारला आणि तळाचा नट खोलला. नऊशे मिलीच्या आसपास ऑइल मावतं तिथून धार आली नाही. गाडी नुसती शिंकल्यासारखं झालं. डब्यात पडलं ते चहाच्या कटिंगएवढं, आणि रंगानं गुऱ्हाळातल्या काकवीसारखं. मिस्त्रीनं ते अंगठा आणि बोटात चोळलं, अगदी केळीचा व्यापारी चोळतो तसं. वास घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "धरणात पाणी नाही, गुरुजी. मृतसाठ्यावर चालू होती."

आजूबाजूला पाचसहा जण जमले होतेच. मिस्त्रीच्या दुकानात इंजिन उघडलं की माणसं जमतात. कुणाचं ऑपरेशन बघायला डॉक्टर आत घेत नाहीत, ती हौस इथं भागते. प्रत्येकाजवळ निदान तयार होतं. एकानं ट्रॅक्टरचं ऑइल टाकायला सांगितलं, जाड असतं म्हणून खाणार नाही. मिस्त्रीनं त्याला उडवून लावलं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. चारचाकीच्या ऑइलात निसरडेपणासाठी जे घालतात त्यानं क्लचच्या प्लेटा घसरतात. म्हणून डब्यावर 'जासो एमए' ही खूण बघून घ्यायची. दुसऱ्यानं '१०डब्ल्यू ३०' म्हणजे काय ते विचारलं. त्यातलं डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचं माप, हे मला माहीत होतं आणि मी मास्तरी आवाजात सांगितलं. "मग आपल्याकडं ते अक्षर फुकटच गेलं," असं म्हणून तो सावलीत सरकला. एप्रिल चालू होता.

ऑइल जातं कुठं, हा माझा प्रश्न होता. घराच्या फरशीवर कधी एक थेंब पडला नव्हता. मिस्त्रीनं सांगितलं, ऑइलाला दोनच वाटा, गळणं आणि जळणं. गळत नाही तर जळतंय. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन भडका दाबून धरतात, खालची तिसरी भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून परत खाली पाठवते, आमच्या ओसरीत माय सारवताना शेण हातानं निपटते तशी. रिंगा झिजल्या किंवा भिंत झिजली की ऑइलाचा पातळ थर वर राहतो आणि पेट्रोलबरोबर जळतो. दुसरी वाट वरून. व्हॉल्व्हच्या दांडीला हरभऱ्याएवढं रबराचं सील असतं. ते कडक पडलं की रात्रभर ऑइल थेंब थेंब आत झिरपतं. सकाळी पहिल्या किकला भपकारा येऊन थांबला तर सील गेलं. रेस दिली की धूर येतच राहिला तर रिंगा गेल्या. मग मिस्त्रीनं किक मारली, रेस दिली. गाडीनं दोन्ही पेपर दिले आणि दोन्हींत पास झाली.

एअर फिल्टर काढला तेव्हा मात्र मीच खाली बघितलं. वर्गातला डस्टर वर्षभर न झटकता ठेवला तर कसा दिसेल, तसा तो होता. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. त्यांनी उडवलेली धूळ मी रोज जाता-येता गाडीला चारत होतो, आणि फाटक्या फिल्टरमधून ती सिलेंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखी फिरत होती. गाडी पन्नासच्या वेगानं चालली तरी आत पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली करतो. मिस्त्री म्हणाला, "बोअर करावं लागंल. पिस्टन नवा, रिंगा नव्या, सील नवी." मग त्यानं आकडा सांगितला. म्हशीच्या दोन महिन्यांच्या दुधाचा पगार तेवढाच येतो.

मी म्हणालो, "सध्या नवं ऑइल भरा. मी लक्ष ठेवतो."

या तीन शब्दांनी माझ्या आयुष्याचे पुढचे दोन महिने खाल्ले.

ऑइल बघण्याची रीत पुस्तिकेत लिहिलेली असते. आमची पुस्तिका अप्पांच्या ट्रंकेत, पंचांगांच्या गठ्ठ्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट सापडली. पिशवी फोडायचा मान मला मिळाला. रीत साधी. इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला उभी करा. झाकण खोला, काडी पुसा, आटे न फिरवता नुसती आत टेकवा, बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसलं पाहिजे.

पहिली अडचण सपाट जमिनीची. आमच्या गावाच्या नावात डोंगरही आहे आणि कडाही. अंगणाचा उतार नालीकडं, गल्लीचा उतार अंगणाकडं. पुतण्यानं गोटी आणून ठेवली, ती सरळ गोठ्यात गेली. शेवटी ओसरीतली शहाबादी फरशी बरी ठरली. गाडी ओसरीत घेतली तर माय म्हणाली, "आता हिला पाटावर बशीव." तिथंही मला गाडी वाकडी दिसू लागली. शेजारच्या गल्लीतला गवंडी भिंतीचं प्लास्टर सोडून पाणसळ घेऊन आला. ती त्यानं फरशीवर ठेवली, बुडबुडा मधोमध. गाडीच्या सीटवर ठेवली, बुडबुडा पळाला. मेन स्टँडचा एक पाय पंचवीस वर्षांत झिजला होता. त्याखाली मी पाचवीच्या जुन्या गणिताच्या पुस्तकाची पानं घातली, तेव्हा कुठं बुडबुडा जागेवर आला.

दुसरी अडचण आट्यांची. काही गाड्यांत काडी आटे लावून बघतात, काहींत नुसती टेकवून. आमच्या पुस्तिकेत टेकवून लिहिलं होतं, पण बघायला जमलेल्यांपैकी प्रत्येकानं आपापल्या गाडीचा कायदा लावला. आटे फिरवले की काडी खोल बुडते, ऑइल जास्त दिसतं. टेकवली की कमी. बालवाडीच्या बाईंच्या नव्या गाडीला तर काडीच नाही, इंजिनाला काचेची खिडकी आहे. त्या येऊन म्हणाल्या, "एवढा कुटाणा कशाला? वाकून बघायचं." मग आम्ही सगळे त्यांच्या गाडीपाशी जाऊन वाकलो. काच चिखलानं भरली होती.

तिसरी अडचण काडी पुसायच्या फडक्याची. तिच्यामुळं माझे दोन रुमाल, अप्पांच्या धोतराचा काठ आणि एक दिवस घरातली शांतता गेली. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तिथून सुरू झाली वही. डेअरीच्या दुधाची वही घरात होतीच. पुढून दुधाचा हिशेब, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट. तिचीच मागची पानं मी घेतली. तारीख, किलोमीटर, काडीवर ऑइल कुठं, किती टाकलं. मीटरची तुटलेली केबल मिस्त्रीनं बदलून दिली होती, त्यामुळं किलोमीटर खरे येऊ लागले. तीन आठवड्यांत आकडा निघाला. हजार किलोमीटरला साडेतीनशे मिली. नऊशे मिलीचा डबा अडीच हजारांवर थोडं चालून खलास. मी हा आकडा जेवताना जाहीर केला. बायकोनं वही हातात घेतली, पुढची पानं बघितली, मागची बघितली. "म्हैस पेंड खाते, दूध देते," ती म्हणाली. "ही पेट्रोल पिते, वरून ऑइल खाते, आणि देते काय?"

अप्पांनी गाडीची बाजू घेतली. "मंग ऑइल बदलायची गरजच काय? जुनं जळतं, वरून नवं पडतं. आपोआप बदलतंच की."

या युक्तिवादात मला दोन दिवस चूक सापडेना. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "ऑइल जळतं गुरुजी, घाण जळत नाही. ती तशीच बसती." मी हे अप्पांना सांगितलं. त्यांनी मिस्त्रीच्या आजोबांविषयी एक जुनी गोष्ट सांगितली, तिचा ऑइलशी संबंध नव्हता.

गावाला मात्र वहीची खबर लागली. पानटपरीवरून हाक येऊ लागली, "गुरुजी, आज किती प्याली?" इसापूरच्या टक्क्यांबरोबर माझ्या इंजिनाचे टक्के विचारले जाऊ लागले. मीही शहाणपणा सोडून "पंचेचाळीस टक्के, जिवंत साठा" अशी उत्तरं देऊ लागलो. आणि याच भरात घोडचूक झाली.

नांदेडला प्रशिक्षण होतं. लांबचा पल्ला, वाटेत ऑइल संपायला नको म्हणून निघताना मी काडी न बघता डबा उलटा केला. धरण भरलेलं बरं, असा साधा हिशेब. पण इंजिनाला सांडवा नसतो. ऑइल खुणेच्या वर गेलं की फिरणारे भाग ते ताकासारखं घुसळतात, फेस होतो, आणि वाफ जायच्या नळीतून तो एअर फिल्टरकडं चढतो. तिथून इंजिन ते हवेबरोबर आत ओढतं. अर्धापूरच्या अलीकडं माझ्यामागं जे उठलं त्याला धूर म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. डेंग्यूच्या दिवसांत फवारणीची मशीन फिरते तसा मी केळीच्या बागांमधून चाललो होतो. एका वस्तीवरची पोरं त्या मशीनमागं पळतात तशी खरोखर मागं पळत आली, आणि एका म्हाताऱ्यानं घराचं दार उघडून धरलं. डासांचा त्यालाही त्रास असणार.

प्रशिक्षणाला मी एसटीनं पोचलो. विषय होता 'कृतीतून शिक्षण'.

त्या रात्री अप्पांनीच विकायचं काढलं. दोन दिवसांनी हदगावकडचा एक माणूस गाडी बघायला आला. तो ना नंबर प्लेट बघायला वाकला, ना टायर. तो थेट इंजिनाच्या बगलेत वाकला, झाकण फिरवलं, काडी काढली, आपल्याच विजारीला पुसली, आटे न फिरवता टेकवली, काढली आणि उजेडात धरली. पाणसळ नाही, गोटी नाही. मग किक मारून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. तळहात काळा, तेलकट. तो त्यानं अप्पांना दाखवला, काही बोलला नाही. अप्पांनी हळद अशीच मोडून व्यापाऱ्यांची तोंडं बंद केली होती. आपल्या मालावर कुणी हे करील असं त्यांना वाटलं नव्हतं. पंचवीस-सत्तावीस वर्षांत अप्पांच्या डोळ्यादेखत त्या गाडीची काडी पहिल्याच झटक्यात बरोबर बघणारा हा पहिला माणूस, आणि तो गिऱ्हाईक होता.

त्यानं भंगाराच्या वर पाचशे सांगितले.

"न्यायची नाही," अप्पा म्हणाले. "आम्हाला बोअर करायचीय." आणि त्यांनी त्या माणसाला चहा पाजून लावून दिलं. हळदीचे पैसे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते स्वतः गाडी ढकलत मिस्त्रीच्या दारात उभे होते. मिस्त्री तेव्हा दात घासत होता.

सिलेंडर बोअरला गेलं, पाव मिलिमीटर वाढवून आलं. पाव मिलिमीटर म्हणजे डोक्याचे तीन-चार केस शेजारी शेजारी ठेवले की होतं तेवढं. वारंगाफाट्यापर्यंत गाजलेलं प्रकरण एवढ्याशा जागेत होतं! नवा पिस्टन, नव्या रिंगा, हरभऱ्याएवढी दोन सील, नवा फिल्टर. पहिले काही दिवस सावकाश चालवायची, रिंगांना भिंतीशी ओळख होऊ द्यायची. मी चाळीसच्या वर गेलो नाही. आता मागून येणारे बरोबरीला येऊन विचारू लागले, "काका, गाडी बिघडली का?"

धूर मात्र थांबला, आणि त्याबरोबर रस्त्यावरचं बोलणंही. ट्रॉलीवरची बाई माझ्याकडं न बघता ऊस खात बसलेली असते. हॉटेलमालक आता मला विचारून चहा देतो. नव्या वर्षीच्या पाचवीला वायुप्रदूषणाचं उदाहरण म्हणून मला कारखान्याच्या चिमणीचं चित्र फळ्यावर काढावं लागलं, आणि ते मुलांना चुलीसारखं वाटलं.

सवयीनं मी दर रविवारी गाडी ओसरीत घेतो. गणिताची पानं स्टँडखाली घालतो, काडी पुसतो, टेकवतो, बघतो. ऑइल वरच्या खुणेवरून हललेलं नसतं. वहीत मागच्या पानांवर सलग शून्यं पडू लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हैस आटली, तेव्हा पुढच्या पानांवरही. दहा दिवसांचा हिशेब करायला डेअरीचा पोऱ्या आला, त्यानं वही पुढून चाळली, मागून चाळली, आणि थोडा वेळ मागच्याच पानांवर थांबला.

"दोन म्हशी होत्या का तुमच्या?"

"व्हय," अप्पा ओसरीवरून म्हणाले. "एक आटली. एकीनं पिणं सोडलं."